ग्रामसभेचा ठराव इतिवृत्तात नाही! मदत हवी आहे

कुळागर: लवकर सांगा कोणीतरी. ठराव हात वर करून मंजूर झाला आणि आता सचिव म्हणतात, नुसती चर्चा झाली होती. रविवारी परत सभा आहे. काय करू?

पेडण्याचो बाबू: कसला ठराव? लेखी होता? सूचक, अनुमोदक? तालुका?

कुळागर: डोंगर कापण्याविरुद्ध, आणखी कसला! गोव्यातला बार्देश. गावाचं नाव नको.

निवृत्त मास्तर: आधी संस्था नोंदवा. 1860च्या कायद्याखाली सात माणसं पुरतात. लेटरहेड असलं की ऑफिसात खुर्ची मिळते.

पेडण्याचो बाबू: मास्तर, मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला इंग्रजांच्या कायद्याचं लेटरहेड कशाला?

रेतीबंदर: ह्यापेक्षा गांवकरी, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था, बरी. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गाव आपली जमीन आपण राखत होता.

तिसवाडीची: बरी कुणाला? गांवकारपण, म्हणजे गांवकरीतला हक्क, बापाकडून मुलग्याकडे. बायकांना विचारत होतं कोण? आणि आज कोमुनिदादींवर, म्हणजे त्याच गांवकरी संस्थांवर, प्रशासक सरकारच नेमतं.

रेतीबंदर: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, हे 1967च्या जनमत कौलात शेवटी लोकांनीच ठरवलं ना?

तिसवाडीची: धागा महाराष्ट्रात विलीन करू नका. कुळागर, रविवारी मागचं इतिवृत्त वाचून कायम करायला घेतील, तिथेच उठून आक्षेप घ्या. तोंडी नको. लेखी द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, एक प्रत बीडीओंना. त्या दिवशीचं मोबाईल चित्रीकरण कुणाकडे असेल तर जपून ठेवा.

पेडण्याचो बाबू: माहिती अधिकारात हजेरीवही पण मागा.

कुळागर: त्याला 30 दिवस! तोवर जेसीबी येईल.

तिसवाडीची: जेसीबी कशाच्या जोरावर? जमिनीचं रूपांतर, म्हणजे झोन बदलणं, नगर नियोजन कायद्याच्या कलम 39अ खाली मागितलंय का?

कुळागर: हो, चतुर्थीआधी पेपरात नोटीस होती. गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

तिसवाडीची: गावाला ठाऊक असेल, आम्हाला कसं कळणार? 39अ आणणाऱ्या 2024च्या दुरुस्तीत हरकतींना नोटिशीपासून 30 दिवस मिळतात. हरकत नगर नियोजन खात्याकडे जाते, त्याला पंचायतीचा ठराव लागत नाही. सर्वे नंबर घालून घराघरातून वेगळी पत्रं द्या. तारीख काय नोटिशीची?

कुळागर: पेपर रद्दीत गेला.

पेडण्याचो बाबू: नोटीस राजपत्रातही येते, त्याचे जुने अंक सरकारी संकेतस्थळावर मिळतात. आत्ताच उघडा.