फोटोतला खांब आणि वायर काढायच्यात, पण डाग राहतोय

रिकामीफ्रेम:
नमस्कार मंडळी, एक फोटो आहे, दोघं जण रेलिंगला टेकून उभे आहेत, मागे नुसतं आकाश, आणि बरोबर एकाच्या डोक्यामागून विजेचा खांब वर गेलाय, म्हणजे डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. शिवाय दोन वायरी आडव्या. फोटोशॉपमध्ये लॅसोने (हाताने रेघ ओढून सिलेक्ट करायचं टूल) खांब सिलेक्ट करून कंटेंट अवेअर फिल, म्हणजे फोटोतलाच माल उचलून जागा भरणारं फिल, मारलं तर आकाशात केसांचा तुकडा आला!! हीलिंग ब्रशने केलं तर केसांच्या कडेला काळपट धूर पसरल्यासारखं होतंय. खाली खांब रेलिंगच्या मागून जातो, गजांच्या फटींतून दिसतो, तिथे तर हातच लावला नाही अजून. काय चुकतंय?

लेयरवाला:
चुकतंय एवढंच की तुम्ही सगळा खांब एका घासात संपवायला निघालाय. त्याचे तीन तुकडे करा, मोकळ्या आकाशातला, केसांना चिकटलेला आणि रेलिंगमधला. तिन्हीला औषध वेगळं.

आधी नवीन रिकामा लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक थर, घ्या आणि सगळं काम त्याच्यावर, मूळ फोटोला हात नाही. वायरी सगळ्यात सोप्या, स्पॉट हीलिंग ब्रश वायरपेक्षा जरासा जाड ठेवायचा, वर सँपल ऑल लेयर्सला टिक करायची, एका टोकाला क्लिक आणि शिफ्ट दाबून पुढे क्लिक, मधली सरळ रेघ तो स्वतः मारतो. वायरीला झोल असतो म्हणून छोटे छोटे टप्पे घ्या.

आकाशातल्या खांबाला कंटेंट अवेअर फिलच वापरा पण एडिट मेनूतून त्याची वेगळी विंडो उघडते ती. तिथे फोटोवर हिरवा रंग दिसतो ना, तो म्हणजे भरायचा माल कुठून उचलायचा ती जागा. ब्रश मायनसवर ठेवून डोकं, खांदे, रेलिंग सगळ्यावरचा हिरवा पुसून टाका, फक्त आकाश ठेवा. केसांचा तुकडा आला तो याच्यामुळेच, त्याला कोण सांगणार की हे केस आहेत, तो नुसते जुळणारे ठिपके शोधतो. आणि सिलेक्शन खांबाला घट्ट नको, चारपाच पिक्सेल बाहेर वाढवा. कॅमेरा शार्पनिंग करतो त्यामुळे गडद वस्तूच्या कडेला बारीक पांढरी किनार असते, ती राहिली की खांब गेला तरी खांबाचं भूत उभंच.

आता केसांची कड. हीलिंग ब्रश पोत एकीकडून घेतो पण रंग आणि उजेड आजूबाजूशी मिसळतो, शेजारी काळे केस असले की ते काळं आकाशात ओढणारच. तिथे हीलिंग बंद, क्लोन स्टँप, तो एका जागेचे ठिपके जसेच्या तसे दुसरीकडे उतरवतो. ऑल्ट दाबून सोर्स घ्यायचा तो खांबाच्या शेजारून, त्याच उंचीवरून, कारण आकाश क्षितिजाकडे फिकट होत जातं, वरचं खाली आणून लावलंत तर पट्टा दिसणार. दोनशे टक्के झूम करा, घाई नको.

गिंपप्रेमी:
फोटोशॉप नसलेल्यांसाठी, हे सगळं गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्येही होतं. क्लोन आणि हील दोन्ही टूल आहेत, सोर्स ऑल्टऐवजी कंट्रोल दाबून घ्यायचा. कंटेंट अवेअरसारखं काम रीसिंथेसायझर प्लगइन करतं, ते वेगळं टाकावं लागतं, मग फिल्टर्समध्ये हील सिलेक्शन येतं. त्यात माल किती लांबून घ्यायचा तो आकडा असतो, आकाशाला मोठा चालतो, डोक्याजवळ एकदम छोटा करा.

रात्रपाळी:
एकाच जागेवरून चारपाच फोटो काढले असतील तर ते एकावर एक ठेवून मीडियन घ्या, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला सगळ्या फोटोंतली मधली किंमत, नको असलेलं आपोआप गायब होतं, मी गर्दीच्या फोटोंना हेच करतो

लेयरवाला:
@रात्रपाळी गर्दी हलते हो, खांब कुठे जाणार 😄 मीडियनमध्ये ती वस्तू निम्म्यापेक्षा जास्त फोटोंत त्या जागेवर नसेल तरच जाते.

रिकामीफ्रेम:
वायरी गेल्या, आकाश एकदम क्लीन!! केसांचंही जमतंय हळूहळू. रेलिंगचं मात्र सांगा, आणि एक मित्र म्हणतो एवढी मरमर कशाला, फोटोशॉपचं एआयवालं जनरेटिव्ह फिल मार आणि मोकळा हो.

जुनीनिगेटिव्ह:
मारून बघा, वाईट नाही. रेलिंगसारख्या ठिकाणी ते बऱ्याचदा झकास काम करतं. पण ते फोटोतला माल उचलत नाही, नवीन चित्र काढतं, म्हणून सिलेक्शनमध्ये चेहरा किंवा हात जराही येऊ देऊ नका, बोटं बदलून मिळतील. गजही मोजून बघा, कधीकधी एखादा जास्तीचा येतो.

हाताने करायचं तर खांब नसलेल्या बाजूचे दोनतीन गज, मधल्या फटींसकट, सिलेक्ट करून कंट्रोल जे, वेगळा लेयर होईल. तो सरकवून खांबावर आणा, ओपॅसिटी निम्मी करून (म्हणजे खालचं आरपार दिसेल) वरचा आडवा दांडा दांड्यावर बसवा. रेलिंग तिरपं जात असेल तर गज लांब जाताना बारीक आणि जवळजवळ होतात, तेव्हा फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये डिस्टॉर्टने कोपरे ओढा. मग ओपॅसिटी पूर्ण, मास्क (लेयर कुठे दिसावा आणि कुठे झाकावा ते ठरवणारा पडदा, काळं झाकतं, पांढरं दाखवतं) लावून कडा मऊ ब्रशने पुसा.

आणि खांबाची सावली पडलीय का कुठे? जमिनीवर, कुणाच्या शर्टावर? लोक खांब काढतात आणि सावली तशीच ठेवतात.

रिकामीफ्रेम:
अरे देवा, आहे की! डावीकडच्याच्या बाहीवर पट्टा आहे, मला वाटत होतं शर्टाचंच डिझाईन आहे. ती पण क्लोननेच का?

जुनीनिगेटिव्ह:
नाही नाही, कापडाच्या सुरकुत्या जातील. सावलीत कापड दिसतंय ना, मग पुसायचं कशाला, उजळायचं. कर्व्ह्जचा (उजेड कमीजास्त करायची रेघ) अॅडजस्टमेंट लेयर, मास्क काळा करून फक्त त्या पट्ट्यावर पांढरा ब्रश, आणि शेजारच्या कापडाएवढं होईपर्यंत ती रेघ मधून वर ओढा. सावलीतला भाग जरा निळसर असतो, तेव्हा निळा चॅनल किंचित खाली. कड उरली तर तेवढ्यापुरता हीलिंग ब्रश.