सत्तरीचं कार्ड आलं, म्हणून पॉलिसी बंद?

मांडवीकर: काल इथं, आपल्या बडोदेकरांच्या ग्रुपवर, एकाने लिहिलं, "आईबाबांना सत्तरीचं सरकारी आयुष्मान कार्ड मिळालं, आता प्रायव्हेट मेडिक्लेम पॉलिसीचे पैसे कशाला घालवायचे, एफडी करा." वर धडाधड अंगठे. अहो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता घरटी वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, चांगलंच झालं, कोण नाही म्हणतंय? पण प्रायव्हेट पॉलिसी असली तरी हे कार्ड निघतं, मग ती बंद कशाला? एकदा सोडली की बहात्तराव्या वर्षी नवी घ्यायला जा, जुन्या आजारांना तीन-तीन वर्षं थांबवतात. आणि कार्ड चालतं ॲडमिट झाल्यावर. बाबांच्या शुगर-बीपीच्या गोळ्या महिन्याला चार हजार, त्या कोण देणार?

रावपुरा_रिटर्न: ती पोस्ट माझीच. चार हजारांचं रडगाणं गाताय, आमचा वर्षाचा प्रीमियम ६८ हजारावर गेला होता आणि बाबांची पेन्शन महिना १९ हजार! २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी शून्य केला, पण आमचं सोडून झालं होतं. बाबांची बायपास कार्डावर झाली, जुना आजार वगैरे कुणी विचारलं नाही, खिशातून गेले ते रिक्षाचे आणि माझ्या शेव-उसळीचे. तुम्ही हिशोब मांडा, आम्ही माणूस घरी आणला.

मांडवीकर: आनंद आहे. आमच्या शेजारच्यांना त्याच कार्डावर "बेड नाही" सांगितलं, रोख म्हटल्यावर तासात बेड उगवला.

सुरसागरची काकू: तुमचं कार्ड निघालं तरी! मी चौसष्ट वर्षांची, म्हणजे सत्तरीचं नाही, घरचं मा कार्ड, गुजरात सरकारच्या उपचार योजनेचं. गुजरातेत २०२३ पासून १० लाख, ऐकायला किती गोड. आधारवर माझ्या नावाला 'बेन', रेशनकार्डावर 'बाई', पासबुकात नुसतं नाव. तीन खेपा झाल्या. खिडकीवरचा मुलगा म्हणतो, मासी, या तीन वेगळ्या बायका आहेत.

दांडियाबाजार७८: 😂 माझ्या आजोबांना 'भाई' लावून टाकलं, आणि आडनाव आधी का मागे याचा घोळ अजून चालू. आपण आपली नावं नीट लिहून घेत नाही हाच दोष.

वाडीवाला: 'बेन' लावलं तर काय पाप झालं? चार पिढ्या बडोद्यात काढल्या, सयाजीरावांच्या गावचं खाल्लं, तरी नाक वर.

दांडियाबाजार७८: नाकाचा प्रश्न नाही हो, क्लेम अडकतो! तुमच्या सासऱ्यांना उद्या कुणी 'बेन' लिहिलं तर चालेल का?

वाडीवाला: सासऱ्यांवर जाऊ नका.

मांडवीकर: अरे, धागा विम्याचा आहे.

रावपुरा_रिटर्न: बरं, "बंद करा" हे वाक्य मागे घेतो. ज्यांना परवडते त्यांनी ठेवा. आमचा प्रीमियम मांडवीकर भरणार असतील तर मीही परत चालू करतो.

मांडवीकर: पेन्शन १९ आणि प्रीमियम ६८ असता तर मीसुद्धा सोडली असती, तेवढं मान्य. पण मग सगळ्यांना सल्ला द्यायचा नाही.

सुरसागरची काकू: तुमचं मिटलं असेल तर माझं सांगा. सोमवारी परत जायचंय. आधारवरचं 'बेन' काढू, की रेशनकार्डावरच्या 'बाई'ची 'बेन' करू?