पुण्यात दोन दिवस: हॉटेल कुठल्या भागात?

प्रश्न: आईबाबा सोबत, गाडी नाही. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, सिंहगड करायचंय. विमाननगर स्वस्त पडतंय. घ्यावं का?

उत्तर १: नको. विमानतळाला सोयीचं, पण जुन्या शहरातल्या पेठांपासून लांब आणि संध्याकाळी नगर रस्ता तुंबतो. डेक्कन घ्या. तिथून वनाझ-रामवाडी मेट्रो थेट पुणे स्टेशनला जाते. सिव्हिल कोर्टला बदललीत की मंडई, स्वारगेट. केळकर संग्रहालय मंडईहून चालत. खोली मात्र मागच्या बाजूची मागा, जंगली महाराज रस्त्यावर हॉर्न थांबत नाहीत.

उत्तर २: सिंहगडाची पीएमपी (शहर बस) स्वारगेटहून मिळते, पण पायथ्यापर्यंतच. आईबाबांना वर न्यायला जीप बघा.

उत्तर ३: बुकिंगआधी पत्ता नकाशावर तपासा, ‘पुणे’ म्हणून शहराबाहेरचं हिंजवडी गळ्यात पडतं! गणपती विसर्जनाच्या दिवशी डेक्कनला रिक्षा दारापर्यंत येणार नाही.