मदत हवी आहे: २४ तासांनंतरही मांसाचा सामू (पीएच) ६.०च्या वर, निर्यातीचा लॉट अडकलाय

चिलर_पाळी: गोठवलेलं बिनहाडाचं गोमांस आहे. जनावरं लाळ-खुरकूत असलेल्या, पण सरकारी लसीकरण चालू असलेल्या भागातली. प्रमाणपत्रातली अट जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेप्रमाणेच: कत्तलीनंतर किमान २४ तास २ अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं आणि डीबोनिंगआधी, म्हणजे हाडं काढण्याआधी, सामू ६.०च्या खाली हवा. बहुतेक धडं ५.६ ते ५.७ दाखवतात, काही मात्र ६.१ ते ६.३वर अडून बसलीत. अजून बारा तास ठेवली तर उतरेल का? एका बाजूला ५.९ आणि दुसरीकडे ६.१ आलं तर सरासरी चालते का?

प्रोब_आणि_बफर: सरासरी अजिबात नाही. पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यभागी, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना ६.०च्या खालीच हवं. एक बाजू नापास म्हणजे ते धड या लॉटमधून बाद.
आधी मीटर तपासा. ७.०० आणि ४.०१ अशा दोन्ही बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणांवर) जुळवा. नुसत्या ७वर जुळवलेला मीटर खाली चुकतो. इलेक्ट्रोडवर चरबी आणि प्रथिनांचा थर बसला की आकडा हळू सरकतो आणि माणूस घाईत तोच टिपतो. दर काही धडांनंतर प्रोब धुवा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. आतली मर्यादा ५.९ धरलेली बरी, ५.९८ वर सही करायला कोणता पशुवैद्यक धजावेल?

कत्तलपूर्व_तपासणी: मीटर बरोबर असेल तर थांबून उपयोग नाही. स्नायूतल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होतं म्हणून सामू उतरतो. जनावर दमलेलं, उपाशी किंवा भेदरलेलं आलं तर ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं, मग आम्ल येणार कुठून? धडाला विजेचे झटके देऊन उतार लवकर होतो, पण शेवटचा आकडा बदलत नाही. ती धडं कापून बघा: मांस गडद, घट्ट, कोरडं दिसेल.

चिलर_पाळी: मीटर दोन्ही बफरवर ठीक निघाला. वर अडलेली सगळी धडं एकाच गाडीतल्या बैलांची आहेत.

कत्तलपूर्व_तपासणी: मग उत्तर तिथेच आहे. वेगवेगळ्या कळपांतले बैल एका आवारात सोडले की रात्रभर टकरा चालतात. जो कळप जसा आला तसाच बांधा, पाणी सतत द्या, मुक्काम लांबला तर चारा घाला.

शीतसाखळी: नापास धडांचं काय, हेही ठरवून ठेवा. गोठवून ती पास होत नाहीत. लाळ-खुरकूतचा विषाणू आम्लानं मरतो, म्हणून तर सामूची अट; थंडीत तो मरत नाही, उलट टिकतो. आयातदार देश मान्य करत असेल तर उष्णताप्रक्रियेचा मार्ग आहे: मांसाच्या गाभ्यात ७० अंश, किमान ३० मिनिटं. तोपर्यंत टांगायला वेगळा रेल, वेगळा टॅग.
पास झालेल्या धडांतूनही मोठ्या लसिका गाठी काढाव्याच लागतात. त्यांच्यात आणि हाडांच्या मगजात सामू स्नायूसारखा उतरत नाही, म्हणूनच डीबोनिंगची अट आहे.
आणि चिलरचा डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) थंड हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या तोंडाशीही लावा. दारापाशी ४ अंश असताना तिथे दीडवर गेलेलं असतं, आणि ऑडिटर तोच कोपरा मागतो.