सोसायटी ग्रुप : क्लबहाऊसचा नवा प्लेस्टेशन आणि कपाटातल्या डिस्क

शनिवार

८:५२ जोशी ए-३०२
सेक्रेटरी साहेब, नोटीस बोर्डावरचं कोटेशन आत्ता पाहिलं. मुलांच्या खोलीसाठी सोनीचं गेम मशीन प्लेस्टेशन ५ (पीएस५), ‘डिजिटल एडिशन’. म्हणजे डिस्क घालायची सोयच नाही. गणपतीत घरोघरी फिरून पीएस फोरच्या, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशन ४ च्या, गेम डिस्क आपणच गोळा केल्या ना? कपाट भरलंय. त्यांची आता तोरणं करायची का?

८:५५ खजिनदार बी-२०३
जोशीजी, जुना पीएस फोर मेपासून बंद आहे. तीन कोटेशन मागवली, सगळ्यात कमी हेच. बजेट एजीएममध्ये ठरलंय. आपण त्या दिवशी लवकर गेलात.

८:५६ जोशी ए-३०२
लवकर गेलो कारण विषय क्रमांक ४ वर दीड तास लिफ्टच चालली होती. चर्चेत. प्रत्यक्षात बंदच होती.

८:५६ जोशी ए-३०२
मुद्दा एवढाच. डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या.

८:५९ अथर्वची आई बी-५०१
नमस्कार. मला वेगळंच विचारायचंय. अथर्व म्हणतोय की ए विंगच्या मुलांकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि आमच्या विंगमध्ये पीएस फोर, त्यामुळे सुट्टीत घरून एकत्र फुटबॉल खेळता येत नाही. नवीन मशीन आणल्यावर येणार का? नसेल येणार तर एवढा खर्च कशाला 🙏

९:०१ शिंदे ए-६०४
वहिनी, हा प्रश्न आमच्या विंगला विचारू नका. आम्ही एक्सबॉक्स घेतला तेव्हाच सांगितलं होतं, सगळ्यांनी हाच घ्या. ऐकलं कोणी?

९:०२ शिंदे ए-६०४
आणि इतिहास बघा. २०१८ पर्यंत सोनीच अडून बसली होती. बाकीच्या कंपन्या एकमेकांशी खेळू द्यायला तयार होत्या. लोकांनी एवढा आरडाओरडा केला तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये फोर्टनाइट या एका गेमपुरतं दार उघडलं. माइनक्राफ्टला तर पीएस फोरवर डिसेंबर २०१९ उजाडला.

९:०३ खजिनदार बी-२०३
शिंदे, सोनीचा राग सोसायटीवर काढू नका.

९:०४ कदम सी-२०१
बी विंगच्या जिन्यासमोर पांढरी गाडी कोणाची आहे? गेटपाससुद्धा नाही.

९:०६ मृणाल सी-४०४
नमस्कार, बोलू का? मी गेम टेस्टिंगमध्ये काम करते. इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. जोशी काकांचा प्रश्न आहे की जुना गेम नव्या मशीनवर चालेल का. अथर्वच्या आईंचा प्रश्न आहे की वेगवेगळ्या मशीनवरची मुलं एका मॅचमध्ये येतील का. पहिल्याचं उत्तर मशीन बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्यावर, ते प्रत्येक गेमला वेगळं असतं.

९:०८ मृणाल सी-४०४
आपल्याकडे मुलं मुख्यतः एफसी खेळतात (आधीचा फिफा). त्यात पीएस५, एक्सबॉक्स सिरीज एस किंवा एक्स आणि पीसी हा एक गट. पीएस फोर आणि जुना एक्सबॉक्स वन हा दुसरा गट. ए विंगमध्ये सिरीज एस आहेत, बी विंगमध्ये पीएस फोर. म्हणून जमत नाही. अडचण कंपनीची नाही, पिढीची आहे. पीएस५ वाला एक्सबॉक्सशी खेळू शकतो, पण पीएस फोरवाल्याशी नाही.

९:०९ शिंदे ए-६०४
म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ, पण एकमेकांशी बोलत नाहीत 😂 आपल्या ए विंगमधलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहेच.

९:१० ए-५०२
शिंदे, हे कोणाला उद्देशून?

९:१० ए-५०३
कुठलंही निमित्त करून टोमणे मारायची सवय जात नाही.

९:११ शिंदे ए-६०४
_हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे_

९:११ सेक्रेटरी
कृपया वैयक्तिक नको. गेमवर बोला.

९:१२ जोशी ए-३०२
डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या.

९:१४ देशपांडे काका ए-१०२
मृणाल बेटा, आमचा अमेरिकेतून आणलेला पीएस ३ अजून माळ्यावर आहे, जवळजवळ सगळ्या डिस्क शाबूत. त्या पीएस५ वर चालतील का? चालत असतील तर क्लबहाऊसला देऊन टाकतो.

९:१६ मृणाल सी-४०४
काका, त्या नाही चालणार. पीएस ३ मध्ये ‘सेल’ नावाचा फार निराळा प्रोसेसर होता, गेम त्याच्याच हिशोबाने लिहिलेले. २०१३ च्या पीएस फोरपासून सोनी साध्या पीसीसारख्या रचनेवर आली, म्हणून पीएस फोरचे जवळजवळ सगळे गेम पीएस५ वर थेट चालतात. पीएस ३ मात्र मध्येच लटकला. तुमचा कुठल्या वर्षीचा आहे? सुरुवातीच्या काही मॉडेलमध्ये पीएस २ चे चिपच आत बसवले होते, त्यावर पीएस २ च्या डिस्क चालायच्या. खर्च वाचवायला पुढे ते काढले.

९:१८ देशपांडे काका ए-१०२
पहिल्या खेपेचा आहे. म्हणजे ठेवण्यासारखा आहे तर. आमच्या हिला आत्ताच वाचून दाखवलं. भंगारवाल्याला बोलावणार होती.

९:१९ शिंदे ए-६०४
काका, हेच तर म्हणतोय. एक्सबॉक्स सिरीज एक्स घ्या. त्यात एक्सबॉक्स ३६० चे शेकडो गेम चालतात, २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचेही काही चालतात. जुन्या ग्राहकाची कदर लागते.

९:२१ मृणाल सी-४०४
खरं आहे, त्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून बरंच काम केलं. पण ती यादी ठरलेली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटचे ७६ गेम घातले आणि यादी बंद केली. लायसन्स आणि तांत्रिक अडचणी. आणि शिंदे सर, तुमच्या सिरीज एस ला डिस्क ड्राइव्ह नाही 🙂

९:२२ खजिनदार बी-२०३
😂😂

९:२२ शिंदे ए-६०४
आम्हाला डिस्कची गरजच नाही. आम्ही डाउनलोडवाले.

९:२३ नाना बी-१०१
मुलांनी खाली जाऊन लगोरी खेळावी. शुभ रात्री.

९:२५ सी-४०३
एक शंका. मृणाल मॅडम भाडेकरू आहेत ना? खरेदीच्या विषयात मत मालकांनी द्यावं असा मागच्या समितीने नियम केला होता. गैरसमज नको, फक्त विचारतो.

९:२६ मृणाल सी-४०४
मत देत नाहीये, माहिती देतेय.

९:२६ अथर्वची आई बी-५०१
माहिती द्यायलाही सातबारा लागतो का आता?

९:२७ सी-४०३
मी नियम सांगितला. बाकी आपली मर्जी 🙏

९:२९ कदम सी-२०१
पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

९:३१ मृणाल सी-४०४
सेक्रेटरी काका, कोटेशनचा फोटो झूम करून पाहिला. मॉडेल नंबर सीएफआय-१ ने सुरू होतोय. हा सुरुवातीचा, जाडजूड डिजिटल पीएस५. त्याला डिस्क ड्राइव्ह नंतरही लावता येत नाही. पुढे जो स्लिम आला (सीएफआय-२ ने सुरू होणारा) त्याच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह वेगळा घेऊन बसवता येतो. पहिल्यांदा जोडताना एकदा इंटरनेट लागतं, बस्स. दुकानदाराने कमी भाव का दिला ते कळलं.

९:३२ खजिनदार बी-२०३
त्याने ‘लेटेस्ट’ म्हणून सांगितलं होतं.

९:३२ जोशी ए-३०२
प्रोजेक्टर घेतानाही लेटेस्टच सांगितलं होतं. आज त्याच्यावर पापड वाळतात.

९:३३ जोशी ए-३०२
डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या.

९:३४ खजिनदार बी-२०३
जोशीजी, वाचलं. तुमचा मुद्दा तोंडपाठ झाला. पण डिस्क हव्याच कशाला ते एकदा सांगा. सगळं ऑनलाइन मिळतं.

९:३६ मृणाल सी-४०४
सगळं नाही मिळत. आपल्या कपाटात फिफा २३ आहे. तो आज विकत घ्यायला गेलात तर प्लेस्टेशनच्या दुकानात नाही. २०२३ मध्ये गेम बनवणाऱ्या ईए कंपनीचा फिफा या फुटबॉल संघटनेशी करार संपला, नाव बदलून एफसी झालं आणि जुने फिफा ऑनलाइन विक्रीतून काढले. ज्याच्याकडे डिस्क आहे त्याच्याकडे तो गेम आहे. शिवाय डिस्क एका घरून दुसऱ्या घरी जाते. डाउनलोड केलेला गेम त्या खात्याला चिकटलेला असतो.

९:३८ मृणाल सी-४०४
आणि अथर्वच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्या डिस्कमध्येच आहे. पीएस फोरची डिस्क पीएस५ मध्ये घातली की तो गेम पीएस फोरचाच राहतो. पीएस फोरच्याच गटात जातो. म्हणजे क्लबहाऊसच्या पीएस५ वर एफसीची पीएस फोर आवृत्ती लावली तर बी विंगच्या मुलांशी घरून खेळता येईल. तिथेच पीएस५ ची आवृत्ती लावली तर ए विंगच्या एक्सबॉक्सशी. दोन्ही विंग एकाच मॅचमध्ये मात्र येणार नाहीत.

९:३९ देशपांडे काका ए-१०२
हे तर आपल्या पार्किंगसारखं झालं. सम तारखेला एक बाजू.

९:४० जोशी ए-३०२
म्हणजे मी बरोबर होतो.

९:४० खजिनदार बी-२०३
हे कारण तुम्ही सांगितलं नव्हतं.

९:४१ जोशी ए-३०२
कारण विचारलंच कुठे कोणी?

९:४३ अथर्वची आई बी-५०१
मृणालताई, पीएस५ च्या आवृत्तीला परत पैसे पडतात का? आणि ऑनलाइन म्हणजे अनोळखी माणसं माइकवर बोलतात ते मला नकोय. मागे एकदा काय काय ऐकू आलं होतं, सांगायला नको.

९:४६ मृणाल सी-४०४
पैशांचं त्या त्या डिस्कवर अवलंबून आहे. काहींवर पीएस५ चं अपग्रेड मिळतं, वेष्टनावर लिहिलेलं असतं. मात्र अपग्रेड घेतलं तरी खेळताना ती डिस्क मशीनमध्ये लागतेच. म्हणून डिजिटलवर त्याचा उपयोग शून्य.
माइकचं म्हणाल तर लहान मुलांचं खातं पालकांच्या खात्याखाली काढा, तिथून आवाज आणि मेसेज बंद करता येतात. एक्सबॉक्सवर तर दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरच्या मुलांशी खेळू द्यायचं की नाही यालाही पालकांची वेगळी परवानगी असते. ए विंगच्या दोघा-तिघांचं ‘गेम सापडत नाही’ ते बहुधा त्यामुळेच असेल. शिंदे सर, एकदा बघाल?

९:५१ शिंदे ए-६०४
बघितलं. बंदच होती परवानगी. पोरगा आठवडाभर मशीनलाच शिव्या देत होता.

९:५२ खजिनदार बी-२०३
सोनी अडून बसली म्हणून असेल.

९:५३ शिंदे ए-६०४
मेंटेनन्सच्या पावत्या कधी मिळणार तेवढं सांगा खजिनदार साहेब. विनोद नंतर.

९:५४ मृणाल सी-४०४
अजून एक, पैसे वाचवायचं. जुन्या पीएस फोरचे कंट्रोलर टाकू नका. ते पीएस५ ला जोडून पीएस फोरचे गेम खेळता येतात. पीएस५ च्या गेमला चालत नाहीत. म्हणजे पीएस फोरच्या डिस्कवर स्पर्धा घेतली तर नवीन कंट्रोलर आत्ता लागणार नाहीत.

९:५५ खजिनदार बी-२०३
हे आवडलं.

९:५७ नाना बी-१०१
मला झोप लागेना म्हणून सगळं वाचलं. ही सगळी मुलं याच तीन इमारतींत राहतात ना? मग क्लबहाऊसमध्ये एका बाकावर बसून का खेळत नाहीत?

९:५८ मृणाल सी-४०४
नाना, तसं खेळलं तर यातलं काहीच लागत नाही. ना इंटरनेट, ना ऑनलाइन खेळायची पीएस प्लसची वर्गणी. एक मशीन, एक डिस्क आणि कंट्रोलर.

९:५९ अथर्वची आई बी-५०१
पण रात्री साडेआठला क्लबहाऊसला कुलूप लागतं. म्हणून तर घरून खेळतात.

९:५९ सी-४०३
साडेआठचा ठराव गोंगाटामुळे केलाय. ज्यांची खिडकी त्या बाजूला आहे त्यांना विचारा.

१०:०१ देशपांडे काका ए-१०२
माझी आहे त्या बाजूला. मला चालेल सुट्टीत साडेनऊपर्यंत. रात्री मला तसंही ऐकू येत नाही.

१०:०३ सेक्रेटरी
ठीक आहे. जुनं कोटेशन रद्द. खजिनदार सोमवारी स्लिमची दोन कोटेशन आणतील, एक डिस्कवालं आणि एक डिजिटल अधिक वेगळा ड्राइव्ह. ऑनलाइनची वर्गणी सोसायटी भरणार नाही, ज्यांना हवी त्यांनी आपापली घ्यावी. वेळेचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये. मृणाल मॅडमनी दुकानात सोबत यावं ही विनंती. माहिती द्यायला, मत नव्हे.

१०:०४ मृणाल सी-४०४
येते 🙂 त्याआधी कपाटातल्या डिस्क बघायला हव्यात. कुठल्या पीएस फोरच्या, कुठल्या त्याआधीच्या, किती ओरखडलेल्या. चावी कोणाकडे आहे?

१०:०६ खजिनदार बी-२०३
चावी मागच्या समितीकडून आमच्याकडे आलेलीच नाही. चार्ज घेताना यादीत लिहून दिलंय तसं.

१०:०७ सी-४०३
दिली होती. पाकिटात घालून. सेक्रेटरींच्या हातात.

१०:०७ सेक्रेटरी
त्या पाकिटात पंपरूमची चावी होती.

१०:०८ कदम सी-२०१
मग पंपरूम तीन महिने कुठल्या चावीने उघडत होतात?