बाईमाणसाला सरकारी नोकरीच बरी, हे खरंय का?

पुणेकरीण: मी पुण्यात प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे. आता सरकारी क्लार्कच्या पोस्टवर सिलेक्शन झालंय, पगार आत्तापेक्षा कमी आणि पोस्टिंग जिल्ह्यात कुठेही. घरचे म्हणतात बाईमाणसाला सरकारीच बरी. नवरापण प्रायव्हेटलाच आहे पण त्याला असं कुणी म्हणत नाही. एक-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे, काय करू?

झेडपीवाली ताई: घे गं डोळे झाकून. बाळंतपणाची रजा दोन्हीकडे जवळपास सारखीच, २०१७ पासून प्रायव्हेटलाही २६ आठवडे आहेत, आमच्याकडे १८० दिवस. खरा फरक परत हजर झाल्यावर कळतो, मी आले तेव्हा सिनियॉरिटी तीच, इन्क्रिमेंट वेळेवर, आणि पोराच्या आजारपणात बालसंगोपन रजा टाकता आली, ती राज्यात एकूण १८० दिवस आणि केंद्रात ७३०. शिवाय एका पोस्टला बाई असो की पुरुष, बेसिक एकच.

एचआरमधला: प्रायव्हेटला पगार मागच्या सीटीसीवर, म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजवर ठरतो, त्यामुळे ब्रेक घेतलेली मुलगी कमी आकड्यावर जॉईन होते आणि तो आकडा पुढच्या कंपनीतही तिचा पिच्छा सोडत नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नसेल तर २६ आठवड्यांचा पगार कंपनीच्या खिशातून जातो, म्हणून इंटरव्ह्यूतच आडून आडून विचारतात, लग्न झालंय का, पुढचं प्लॅनिंग काय. आणि बापाला प्रायव्हेटमध्ये बाळासाठी कायद्याने एक दिवसही रजा नाही, मग सगळं आईवरच येणार ना.

अंगणवाडीची लेक: पण सरकारी म्हणजे परमनंट असेल तरच हं! माझी आई अंगणवाडी सेविका आहे, सकाळी पोरांची वजनं घ्यायची, आहार वाटायचा, मग घरी येऊन रात्री मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरत बसायचं, आणि मिळतं काय तर मानधन, त्याला पगारसुद्धा म्हणत नाहीत. आशाताईंना तर स्वयंसेविकाच म्हणतात. ह्या सगळ्या बायकाच आहेत आणि काम सरकारचंच करतात. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा सुप्रीम कोर्टात जावं लागलं, २०२२ला निकाल लागला तेव्हा कुठे हक्क मान्य झाला. मला ह्याचा फार राग येतो.

पुणेकरीण: थँक्यू सगळ्यांना. माझी पोस्ट परमनंट आहे, भीती फक्त पोस्टिंगची.

झेडपीवाली ताई: नवरा प्रायव्हेटला आहे तर पती-पत्नी एकत्रीकरणाच्या, म्हणजे नवरा-बायकोला एकाच ठिकाणी पोस्टिंग मिळण्याच्या भरवशावर राहू नको. हजर व्हायच्या आधी रिक्त जागा कुठे कुठे आहेत ते आस्थापना शाखेत जाऊन स्वतः विचारून ये.