काळीच्या खाडीत कांदळ लावण्याआधी संगणकाला विचारायचं का?

बेळगावकर:
कारवारला काळी नदीच्या खाडीत कांदळवन वाढवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, रोपं किती? माझं मत स्पष्ट आहे. रोप हातात घेण्याआधी खाडीचं संगणक-मॉडेल चालवा. भरतीचं पाणी कुठवर चढतं, किती वेळ थांबतं, गाळ कुठे बसतो, खारेपणा कसा बदलतो, हे सगळं त्यात पाहता येतं. फिलिपाइन्समध्ये कितीतरी रोपं सरासरी समुद्रपातळीच्या खालच्या उघड्या चिखलात लावली गेली, जिथे कांदळ आपणहून उगवतच नाही. जागा मोकळी दिसली, लावली. बहुतेक मेली. डेल्फ्ट-थ्रीडी या मॉडेल चालवायच्या सॉफ्टवेअरचा प्रवाहाचा भाग २०११ पासून फुकट मिळतो, तेव्हा पैशाची सबब सांगू नका.

कारवारचा:
काय ओ बेळगावकर, सॉफ्टवेअर फुकट असेल, पण खाडीचा तळ कोण मोजणार? त्याला होडी, यंत्र, माणसं लागतात. कांदळाला पाव-अर्ध्या मीटरनं फरक पडतो आणि उपग्रहाच्या फुकट उंची-नकाशात चूक त्याहून मोठी असते. चुकीच्या तळावर चालवलेलं मॉडेलसुद्धा देखणा रंगीत नकाशा काढून देतं. तो सभेत भिंतीवर लावला की आमची माणसं गप्प बसतात. मला राग येतो तो याचाच. पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणाऱ्याला विचारा, उधाणाचं (मोठ्या भरतीचं) पाणी कुठवर येतं आणि तिवर, म्हणजे कांदळाचंच एक झाड, कुठे आपणहून धरते ते तो बोटानं दाखवेल. फ्लोरिडात कांदळवनं पुन्हा उभी करणाऱ्या रॉय लुईस यांनी जमिनीचा उतार आणि पाण्याच्या वाटा नीट करून दिल्या. बिया भरतीबरोबर आल्या आणि रुजल्या.

जोयड्याहून:
तुम्ही दोघंही खाडीतच उभे आहात. जरा वर बघा. आमचं सुपा धरणाखाली गेलं, त्याच्या खाली याच नदीवर कोडसळ्ळी धरण, मग कद्रा धरण. गाळ वरच अडतो आणि खालचा खारेपणा पाणी कधी आणि किती सोडतात त्यावर हलतो. पागवाल्याला आजचा चिखल माहीत आहे, मान्य. पण विसर्गाचं वेळापत्रक बदललं तर दहा वर्षांनी काय होईल, हे कुणाच्याही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. दोन्ही शक्यता शेजारी मांडून तुलना करायला मॉडेलच लागतं.

खानापूरकर:
तुलना होईल, पण निर्णय होईल का? लुइझियानात मिसिसिपीचा गाळ दलदलीत वळवायचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प होता. मॉडेलनं सांगितलं, ५० वर्षांत सुमारे २१ चौरस मैल जमीन तयार होईल. गोडं पाणी शिरल्यावर कालवं (खायचे शिंपले) आणि डॉल्फिन यांचं नुकसान होईल, हेही त्यातच होतं. म्हणजे मॉडेलनं काही लपवलं नाही. तरी कालवंवाल्यांचा विरोध झाला, खर्च वाढला आणि २०२५ मध्ये प्रकल्प रद्द. नुकसान कुणी सोसायचं, हे माणसांनीच बसून ठरवावं लागतं. म्हादई आमच्या तालुक्यात उगवते, पाण्याच्या आकड्यांवरून राज्यं किती वर्षं भांडतात ते आम्ही बघतोय.

बेळगावकर:
खानापूरकर, हा माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. नुकसान आधी कळलं म्हणून तर कालवंवाल्यांना बोलता आलं! रोपं लावून मोकळे होणाऱ्यांकडे एवढाही हिशेब नसतो.

कारवारचा:
ठीक. मग आधी खाडीत खुंट्या रोवून उधाणाचं आणि भांगाचं (लहान भरतीचं) पाणी मोजा. मॉडेलमधलं पाणी खुंटीवरच्या खुणेशी जुळलं तर तुमचा नकाशा मी गावात स्वतः दाखवीन, नाही जुळलं तर तो सभेत आणायचा नाही. खुंट्या आम्ही रोवतो. कद्र्याच्या विसर्गाचे आकडे मिळवायचं काम जोयडेवाल्यांनी घ्यावं.